चंद्रपूरच्या उन्हात सफरचंद

‘४५ अंश तापमानातही येणारे सफरचंद’ अशा जाहिराती मोबाइलवर सर्रास फिरतात. फोटोत कमरेएवढे झाड असते आणि त्याला लालबुंद फळे लगडलेली असतात. सोबत एक फोन नंबर आणि ‘रोपे घरपोच’ अशी ओळ. घरामागच्या सांदवाडीत हौसेने एखादे झाड लावून पाहावे, इथपर्यंत ठीक आहे. झाड गेले तर रोपाचे पैसे गेले, एवढेच. पण धानाच्या बांधीतून हातात फारसे काही उरत नाही म्हणून एकरभर सफरचंद लावण्याचा विचार सुरू होतो, तेव्हा प्रश्न हौसेचा राहत नाही. फळझाडाला पहिली तीन-चार वर्षे खड्डे, कुंपण, ठिबक, खत यांसाठी पैसा फक्त जातो, येत नाही. चौथ्या वर्षी बाग फसली असे कळले, तर त्या जमिनीतली चार वर्षांची पिकेही गेलेली असतात.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे काही सौम्य हवेचे जिल्हे नाहीत. चंद्रपूर शहरात जून २००७ मध्ये पारा ४९ अंशांवर गेला होता. मे महिन्यात ४५-४६ अंश ही तिथे आता बातमीही राहिलेली नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात झाडोरा जास्त असल्याने उन्हाची धार थोडी बोथट होते, पण नवतपाचे दिवस तिथेही अंग भाजूनच काढतात. त्यानंतर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत धो धो पाऊस. अशा ठिकाणी काश्मीर-हिमाचलचे झाड लावणे म्हणजे नेमके काय करणे, हे झाडाच्या बाजूने समजून घ्यायला हवे.

बाहेरून आलेले झाड म्हणून ते इथे रुजणार नाही, असे मात्र नाही. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ, काजू ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली. मिरची तोडायला दरवर्षी गडचिरोली-चंद्रपूरचे हजारो मजूर तेलंगणात जातात, ती मिरचीसुद्धा पाचशे वर्षांपूर्वी भारतात कुणाला ठाऊक नव्हती. पण ही झाडे आली ती उष्ण प्रदेशातून उष्ण प्रदेशात. घर बदलले, हवा फारशी बदलली नाही. सफरचंदाचे तसे नाही. मध्य आशियातल्या तिएन शान पर्वताच्या उतारांवरचे हे झाड. त्याचे सगळे वेळापत्रक हिवाळ्यातल्या बर्फाभोवती बांधलेले आहे.

हे वेळापत्रक मोठे चतुर आहे. पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे सफरचंदाचे झाड आदल्या उन्हाळ्यातच तयार करून ठेवते. हिवाळ्याच्या तोंडाशी पाने गळतात आणि हे डोळे झोपी जातात. आता समजा, जानेवारीत मध्येच चार दिवस उबदार गेले. डोळे तेवढ्यानेच फुटले, तर मागून येणारी थंडी सगळी फुले जाळून टाकील. म्हणून झाड नुसत्या उबेवर विश्वास ठेवत नाही. आधी पुरेशी थंडी होऊन गेली आहे ना, याचा हिशेब ते करते. थंडीच्या काळात डोळ्यांच्या पेशींतली काही जनुके हळूहळू शांत होत जातात, पेशींमधले बंद झालेले मार्ग पुन्हा मोकळे होतात, आणि त्यानंतरच ऊब मिळाली की डोळा फुटतो. बागायतदार याला ‘थंडीचे तास’ म्हणतात. साधारणपणे शून्य ते सात अंशांदरम्यानचा प्रत्येक तास जमेस धरला जातो. सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना असे हजार-बाराशे तास लागतात.

गडचिरोलीत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठा पडतो, शेकोट्या पेटतात, पण पारा सात अंशांच्या खाली जाणे हे थंडीच्या लाटेतले क्वचितचे प्रकरण. तेसुद्धा पहाटेचे दोन-तीन तास. शिवाय दुपारचे काय? १९७४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातील संशोधकांनी थंडी मोजण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात तापमान १६ अंशांच्या वर गेलेला काळ वजा केला जातो. रात्री कमावलेली थंडी दुपारची ऊब खाऊन टाकते, असे प्रयोगांत दिसले होते. विदर्भात ऐन डिसेंबरमध्येही दुपारी २८-३० अंश असतात. या पद्धतीने हिशेब मांडला तर चंद्रपूरच्या अख्ख्या हिवाळ्याची बेरीज शून्याच्याही खाली जाते.

थंडी पुरी न मिळालेले झाड मरत नाही. ते मेले असते तर एक वेळ बरे, निदान मालकाला लवकर कळले असते. ते जगते, पाने फेकते, उंचही होते. फक्त फांद्यांच्या टोकांना पालवी येते आणि मधला भाग उघडावाघडा राहतो. फुले एकदम न येता महिना-दीड महिना थोडी थोडी येत राहतात. सफरचंदाच्या बहुतेक जातींना फळ धरायला शेजारी दुसऱ्या जातीचे झाड त्याच वेळी फुललेले लागते, आणि इथे तर एकाच झाडाची फुले एका वेळी उमलत नाहीत. वर्षामागून वर्ष ‘यंदा येतील’ म्हणत वाट पाहिली जाते.

जाहिरातीतले झाड मात्र या नेहमीच्या जातींचे नसते, हेही सांगायला हवे. कमी थंडीवर भागवणाऱ्या जाती खरोखरच आहेत. इस्रायलमध्ये तयार झालेली ‘अ‍ॅना’ आणि बहामा बेटांवर एका बाईंच्या बागेत सापडलेली ‘डॉर्सेट गोल्डन’ या दोन जाती जगभर उष्ण भागांत लावल्या जातात. त्यांना शंभर ते तीनशे तास पुरतात. आपल्याकडे जिचा बोलबाला आहे ती ‘एचआरएमएन-९९’ ही जात हिमाचल प्रदेशातल्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी शोधली. खाऊन टाकलेल्या सफरचंदांच्या बियांतून उगवलेल्या रोपांमधून त्यांनी ती निवडली. पनियाला हा हिमाचलचा सखल, गरम भाग. तिथे सफरचंद येत नाही असेच सगळे समजत होते. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या जातीची देशातल्या अनेक राज्यांत चाचणी लावली आणि २०२५ मध्ये शर्मा यांना पद्मश्री मिळाली. एका शेतकऱ्याने स्वतःच्या निरीक्षणावर साधलेले हे काम मोठे आहे, त्यात शंका नाही. मात्र बिलासपूरच्या सखल भागातला हिवाळाही विदर्भापेक्षा पुष्कळ थंड असतो, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

थंडीचा प्रश्न कमी थंडीच्या जातीने सुटला असे धरून चालू. पुढे उन्हाळा उभा आहे. या जातींना जानेवारी-फेब्रुवारीत फुले येतात आणि फळ जूनच्या सुमारास तयार होते. म्हणजे फळ भरण्याचा आणि पिकण्याचा सगळा काळ नेमका एप्रिल-मेमध्ये येतो. हिमाचलच्या पायथ्याला हे चालून जाते. चंद्रपुरात हेच फळ नवतपाच्या तोंडी सापडते.

उन्हात टांगलेले फळ हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त तापते. पान स्वतःला बाष्प सोडून गार ठेवते, फळाला ती सोय जवळजवळ नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील संशोधकांनी सफरचंदाच्या सालीला तापमापक लावून पाहिले. साल ४६ ते ४९ अंशांपर्यंत तापली की तिच्यावर पिवळट-तपकिरी डाग पडतो, आणि ५२ अंशांच्या आसपास पेशीच मरतात. हवा ३५ अंशांवर असतानाच हा उंबरठा गाठला जातो. हवाच ४५ अंश असेल तर वेगळे सांगायला नको. लाल रंगाचेही तसेच. सफरचंदाची लाली ज्या रंगद्रव्यामुळे येते ते गार रात्रींमध्ये चांगले तयार होते. मे महिन्यात रात्री ३० अंश असतील तर फळ फिकट, पिवळसर राहते. गरम रात्रींचा आणखी एक तोटा असा की, दिवसा पानांनी तयार केलेली साखर रात्री झाडाच्या श्वसनातच खर्ची पडते. फळाला उरते ते थोडे, म्हणून फळ लहान, भुसभुशीत आणि बेचव.

मग उष्ण कटिबंधात सफरचंद कुणीच पिकवत नाही का? पिकवतात. इंडोनेशियात जावा बेटावर बाटू नावाचे गाव आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ असूनही तिथे अनेक दशके सफरचंदाच्या बागा आहेत. तिथल्या शेतकऱ्यांची युक्ती अशी: फळ उतरवल्यावर काही आठवड्यांतच झाडाची सगळी पाने हाताने ओरबाडून काढायची. डोळे झोपी जाण्याच्या आधीच झाडाला पानगळ झाल्याचा भास होतो आणि ते नव्याने फुटते. झोपच लागू दिली नाही, तर उठवण्यासाठी थंडीची गरज पडत नाही. अशी वर्षात दोन पिकेही निघतात. पण बाटू डोंगरात आहे, हजार मीटरच्या आसपास, आणि तिथे वर्षभर हवा गार असते. ४५ अंश त्या गावाने कधी पाहिलेले नाहीत.

ही युक्ती मराठी शेतकऱ्याला अगदीच परकी वाटू नये. नागपुरी संत्र्याला पाणी तोडून ताण दिला जातो आणि मग बहार धरला जातो. तिथेही झाडाला ‘हंगाम बदलला’ असे पटवणेच चाललेले असते. गडचिरोलीत तेंदूच्या झुडपांची बेनकटाई होते, ती कोवळी एकसारखी पाने फुटावीत म्हणून. नाशिक-सांगलीची द्राक्षे हे तर याचे सर्वांत मोठे उदाहरण. द्राक्षवेल मूळची पानगळीची, थंडीत झोपणारी. महाराष्ट्रात तिला झोपू दिले जात नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशा दोन छाटण्यांवर तिचे वर्ष बेतलेले आहे. थंड देशांत ज्या वेली वर्षातून एकदा छाटतात त्या इथे दोनदा छाटल्या जातात आणि पीक एकदाच घेतले जाते.

ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात. सफरचंदाच्या रोपांबरोबर हे औषधही सुचवणारे भेटतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. हे रसायन त्वचा आणि डोळे भाजते. शिवाय शरीरात दारू पचवणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे काम ते रोखते. फवारणी करून आलेल्या माणसाने संध्याकाळी थोडी जरी दारू घेतली तरी चेहरा लालभडक होणे, छातीत धडधड, श्वास लागणे, उलट्या, रक्तदाब उतरणे असा त्रास होऊ शकतो. युरोपीय संघाने याच धोक्यांमुळे २००८ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली. आपल्याकडे ते वापरात आहे. हातमोजे, चष्मा, अंगभर कपडे याशिवाय त्याला हात लावू नये, आणि लावल्यावर पुढचे काही दिवस दारूपासून लांबच राहावे. मोहाची असो की दुकानातली, शरीराला फरक पडत नाही.

उन्हाळ्याची भीती सगळ्यांनाच असते. पण थंड किंवा कोरड्या प्रदेशातून आणलेली झाडे गडचिरोलीत मरतात, ती बरेचदा पावसाळ्यात. लॅव्हेंडर, रोझमेरी, ऑलिव्ह ही भूमध्य समुद्राकाठची झाडे कोरडा उन्हाळा आणि ओला हिवाळा यांना सरावलेली. आपल्याकडे क्रम नेमका उलटा. मे महिना सावलीत कसाबसा काढलेले लॅव्हेंडर जुलैच्या झडीत आठ दिवसांत काळे पडते. धानपट्ट्यातली जमीन पाणी धरून ठेवणारी, धानासाठी तीच तिची गुणवत्ता. पण मुळांना हवा लागते, आणि पाण्याने भरलेल्या मातीत ती राहत नाही. त्यातच मूळ आणि बुंधा कुजवणाऱ्या बुरशींना उबदार ओल फार मानवते. सफरचंदाचा बुंधा जमिनीलगत कुजणे हा जगभरचा रोग आहे. पाणी साचणाऱ्या उबदार मातीत तर त्याला आमंत्रणच.

या सगळ्याच्या उलट खेळ थंड देशांतले हौशी बागवाले खेळतात. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाशी असलेल्या सिली बेटांवर ट्रेस्को नावाची बाग आहे. ऑगस्टस स्मिथ यांनी १८३४ मध्ये तिची सुरुवात केली. अटलांटिकमधल्या उबदार प्रवाहामुळे तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली क्वचितच जातो, म्हणून दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, मेक्सिकोची झाडे तिथे उघड्यावर वाढवली गेली. दीडशे वर्षे हे छान चालले. मग जानेवारी १९८७ मध्ये बर्फ पडला, कडाक्याचे हिव आले आणि काही दिवसांत बागेतली असंख्य झाडे मेली. उरलेल्यांवर १९९० मध्ये वादळ आले. इंग्लंडमधल्या मराठी घरांत कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबरमध्ये उचलून खिडकीच्या आत आणली जाते आणि मे उजाडल्यावर बाहेर जाते, ती याच धास्तीने. उन्हाळ्यात बाहेर कढीपत्ता झकास फुटतो, पण पहिल्याच हिवाच्या रात्री जातो.

झाडाला सरासरी हवामान मारत नाही. दहा वर्षांतला एक वाईट आठवडा मारतो. थंड देशांत रोपवाटिकेतल्या प्रत्येक झाडावर ते किती खालचे तापमान सोसेल याचा आकडा लिहिलेला असतो. वरच्या बाजूचा विचार बराच उशिरा झाला. अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये उष्णतेचा नकाशा काढला. वर्षातले किती दिवस तापमान ३० अंशांच्या वर जाते, यावर त्याचे बारा पट्टे केले, कारण त्यापुढे बऱ्याच झाडांच्या पेशींवर ताण येऊ लागतो. चंद्रपूरला हा निकष लावला तर वर्षातले बहुतेक दिवस त्यात बसतील. आपल्याकडे रोपाच्या पिशवीवर जातीचे नावसुद्धा धड नसते, तिथे असा आकडा कुठून असणार.

गंमत अशी की, चंद्रपूरच्या जमिनीवर एके काळी खरोखरच थंड हवेतले जंगल होते. चंद्रपूरच्या खाणींतून निघणारा कोळसा हा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या झाडांचा आहे. त्या जंगलात ‘ग्लॉसोप्टेरिस’ नावाच्या, जिभेच्या आकाराची पाने असणाऱ्या झाडांचे राज्य होते. त्या वेळी भारताचा भूभाग दक्षिण ध्रुवाकडच्या अक्षांशांत होता. ही झाडे हिवाळ्यात पाने गाळत. दलदलीत साचलेल्या पानांचे थरच्या थर आज दगडात दबलेले सापडतात आणि लाकडाच्या जीवाश्मांत दरवर्षीची वाढीची वलये दिसतात. त्याच्याही आधी इथे हिमनद्या होत्या. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या पात्रात चुनखडकावर हिमनदीने घासत नेलेल्या दगडांचे ओरखडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अभ्यासकांना १८७० च्या दशकातच दिसले होते. उष्ण देशात बर्फाच्या खुणा पाहून ते चकित झाले. या जुन्या महाखंडाला गोंडवन हे नाव मिळाले तेही याच मुलखावरून. पुढे भूभाग उत्तरेला सरकला, हवा तापली आणि ते जंगल नाहीसे झाले. सिरोंचा तालुक्यातील वडधमला जी दगड झालेली झाडांची खोडे आहेत, ती त्यानंतरच्या, डायनोसॉरच्या काळातली. म्हणजे इथल्या मातीत थंडीतली झाडे होती, पण त्यांच्या हवेसकट होती.

हवा आणता येत नाही, पण हवेचा एक तुकडा उधार घेता येतो. तोही बिनतोड मार्ग आहे: झाड न लावता हंगामी रोप लावायचे. स्ट्रॉबेरी हे मूळचे थंड हवेतले बहुवर्षायू रोप, पण महाबळेश्वर-पाचगणीतसुद्धा ते एका हंगामापुरतेच वापरले जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड, डिसेंबर ते मार्च तोडणी, आणि मग वाफा मोकळा. पुढच्या वर्षी नवी रोपे. गडचिरोलीचा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ १२ ते ३० अंशांतला, कोरडा आणि स्वच्छ उन्हाचा असतो. इतक्या काळात ज्याचे आयुष्य उरकते त्याला उन्हाळाही दिसत नाही आणि पावसाळाही. डेलिया, पिटुनिया, पॅन्सी ही थंड देशांतली फुले विदर्भातल्या अंगणांत हिवाळ्यात फुलतात ती अशीच. कोबी, फ्लॉवर, गाजर, वाटाणा हेही त्याच कुळातले पाहुणे. आपण त्यांना परके म्हणायचे विसरलो आहोत, इतकेच.

एखादे सफरचंद, नासपती किंवा पीच हौसेने लावायचेच असेल, तर घराची कोणती बाजू निवडली यावर निम्मा निकाल लागतो. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत नाजूक झाड दक्षिणेकडच्या भिंतीला लावायला सांगतात, कारण तिथे ऊब साठते. ती पुस्तके वाचून आपल्याकडे तसे करणे म्हणजे झाड तव्यावर ठेवणे. इथे पूर्वेची बाजू चांगली. सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर घराचीच सावली पडते. पश्चिमेला आंब्याचे किंवा कडुनिंबाचे मोठे झाड असेल तर गरम झळा अडतात. खड्डा करण्याऐवजी मातीचा हातभर उंच ओटा करून त्यावर रोप लावले तर पावसाळ्यात मुळे बुडत नाहीत. आळ्यात सागाच्या किंवा पळसाच्या पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन टाकावे, पण बुंध्याला चिकटू देऊ नये, नाहीतर वाळवी आणि बुरशी दोन्ही येतात. बुंध्याला चुना लावल्याने ऊन परतते. रोपे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून उन्हाळा काढू पाहणाऱ्यांची रोपे वरून नव्हे, खालून मरतात. माती ४० अंशांच्या आसपास तापली की बहुतेक झाडांच्या मुळांची वाढ थांबते, आणि उन्हातली काळी पिशवी सहज त्याच्या पुढे जाते. मातीची कुंडी पाझरते, म्हणून माठासारखी थोडी गार राहते.

हवामानाशी झगडणारी झाडे फार तर मालकाचे नुकसान करतात. ज्यांना इथली हवा भलतीच मानवते त्या शोभेच्या झाडांनी सगळ्यांचेच केले आहे. घाणेरी रंगीत फुलांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत आणली गेली. आज ती मध्य भारताच्या जंगलांत सगळीकडे आहे. देशातल्या वाघांच्या अधिवासापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भागात ती शिरल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. तिची पाने खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडते आणि मग उन्हाने कातडी सोलवटते. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून फुलांसाठीच आली. चंद्रपूरच्या गोंडकालीन रामाळा तलावाचे काय झाले ते शहराने पाहिले आहे. तो वाचावा म्हणून २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेला अन्नत्याग आंदोलन करावे लागले. म्हणून नवे शोभेचे झाड आणताना ‘हे इथे जगेल का’ याच्याइतकाच ‘हे इथे पसरेल का’ हा प्रश्नही विचारायला हवा. ज्याच्या बिया पक्षी खातात किंवा ज्याचा तुकडा पाण्यात पडला तरी रुजतो, ते तलावाच्या आणि जंगलाच्या काठी नको.

सफरचंदाचा सोस थोडा औषधाच्या श्रद्धेतूनही येतो. आजारी माणसाला भेटायला जाताना पेरू कुणी नेत नाही, सफरचंद नेतात. प्रत्यक्षात शंभर ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व जेमतेम पाच मिलिग्रॅम असते, तर तेवढ्याच पेरूत दोनशेच्या आसपास. २०१८ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेच्या यादीत आंबा, पेरू, सीताफळ, आवळा, चिंच, जांभूळ, फणस, कागदी लिंबू अशी फळे आहेत, आणि यातली बरीचशी गडचिरोलीच्या जंगलकाठी फारशी देखभाल न मागता येतात. सफरचंद त्या यादीत नव्हते. बाजारात नवलाईच्या फळाला भाव असतो हे खरे, पण तो भाव डाग नसलेल्या, लाल, करकरीत फळाला असतो.

तरीही कुणी बाग लावायचीच ठरवली असेल, तर रोपे देणाऱ्याला तीन गोष्टी कागदावर लिहून मागाव्यात: जात कोणती, कलम कोणत्या खुंटावर केले आहे, आणि मातृवृक्ष कुठे उभा आहे. तो मातृवृक्ष चंद्रपूरसारख्याच हवेत असेल, तर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन तो पाहावा. जानेवारीतल्या फुलांचा फोटो काहीच सांगत नाही. सोनापूरचे आणि सिंदेवाहीचे कृषी विज्ञान केंद्र माती तपासून पाण्याच्या निचऱ्याबद्दल सांगू शकते. त्यानंतर दोन वेगवेगळ्या कमी थंडीच्या जातींची मिळून चार-पाच रोपे लावावीत. शेजारी सावलीत कमाल-किमान तापमापी टांगावी आणि वहीत तारीखवार नोंद ठेवावी: डोळे कधी फुटले, फुले किती दिवस चालली, किती फळे मे पाहू शकली, ऑगस्टमध्ये बुंध्याची साल नखाने खरवडल्यावर आत हिरवी होती की तपकिरी. तीन वर्षांच्या अशा नोंदी हाती आल्या की बाकीच्या जमिनीचे काय करायचे ते ठरवता येते. तोवर तिथे धान किंवा तूर उभी राहू शकते.